डावऱ्याचा खांदा

डावऱ्यानं कधी कोणाच्या हातात काही दिलं नाही. तो फेकायचा. खडू, डस्टर, वर्गाची किल्ली, त्याच्या आईनं माझ्यासाठी पाठवलेला सुक्या जवळ्याचा पुडा, एकदा तर उकडलेलं अंडं. पण वस्तू अंगावर येऊन आदळायची नाही. तुम्ही हात जिथे धरला असेल तिथे ती अलगद येऊन बसायची. मी त्याच्यावर पहिल्यांदा ओरडले ती याचसाठी. "अरे, शिक्षकांना वस्तू अशी फेकतात का? हातात दे!" तर सहावीतलं ते काटकुळं पोर मान खाली घालून म्हणालं, "बाई, हातान दिली तर डाव्यान दिली जाते. मंग आयस मारते."

डाव्या हातानं कोणाला काही देऊ नये, लक्ष्मी रुसते, हे त्याच्या आईनं त्याला लाटण्यानं शिकवलं होतं. उजवा हात काही केल्या वळेना. मग पोरानं आपल्यापुरती वाट काढली. फेकलेली वस्तू कोणत्या हातानं आली हे झेलणारा बघत नाही, तो झेलण्यात गुंतलेला असतो. लाटण्याच्या धाकानं त्याचा हात असा तयार झाला.

मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. पी.टी.चे तास घ्यायला कोणी मिळेना म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी बाई मी, पण ती शिट्टी गळ्यात पडली आणि मी अंगानं नाही तरी रुबाबानं दुप्पट झाले. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मी भाजी घ्यायला जायची. शिट्टी गळ्यातच. त्या काळातला एक फोटो आहे. माझी नात तो काढून हसते आणि विचारते, "आजी, ही कोण?" मी सांगते, "कोण जाणे, कोणी तरी आगाऊ बाई दिसते."

चेंडूफेकीच्या वेळी या आगाऊ बाईंनी पुस्तकातलं चित्र पुढे धरलं. चित्रातला मुलगा उजव्या हातानं फेकत होता, तेव्हा सगळ्यांनी उजव्या हातानं फेकायचं असं फर्मान निघालं. डावऱ्याचा चेंडू माझ्या बुटापाशी पडला. पोरं खिदळली. तो म्हणाला, "बाई, एकदा माझ्यावानी टाकू?" टाकला. मैदान संपलं, चेंडू संपला नाही. कुंपणापलीकडे एका रिक्षाच्या टपावर तो वाजला आणि रिक्षावाला शिव्या देत आत आला. त्याला मी शिट्टी वाजवून बाहेर काढलं आणि त्या दिवसापासून डावऱ्याला आपण घडवला असं मनाशी धरून बसले.

डावऱ्याचं गाव खाडीकाठी, उरणच्या अंगाला. बाप लवकर गेला. आई पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. पाठची एक बहीण. आईचा आवाज असा की बाजाराच्या या टोकाला तिनं कोलंबीचा भाव सांगितला की त्या टोकाची बाई आपला भाव उतरवायची. मला मात्र ती कधी भाव सांगायची नाही. "बाईंना काय भाव सांगायचा? पोऱ्याला मारा, पन पास करा."

पोऱ्या पास झाला आणि खारघरच्या कॉलेजात गेला. एक दिवस खांदा कॉलनीत माझ्या दारात उभा राहिला तो काखेत एक विचित्र चेंडू घेऊन. दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा, वर दोरीची शिवण. "बाई, झेला!" मी तो पोटाशी तान्ह्या मुलासारखा कवटाळला. म्हणाला, "न सोललेल्या नारलावानी हाय ना?" तो अमेरिकन फुटबॉलचा चेंडू होता. त्याच्या कॉलेजातल्या आणि आसपासच्या पोरांनी मिळून संघ काढला होता.

खेळ त्यानं मला स्वयंपाकघरातल्या डब्यांवर समजावला. नावात फुटबॉल, पण पायाचं काम थोडं. मधोमध एक जण उभा राहतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्याकडे आला की समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा करायला धावतात. ते पोचायच्या आत त्यानं दूर पळणारा आपला माणूस हेरायचा आणि चेंडू बरोबर त्याच्या हातात टाकायचा. मी साखरेचा डबा जागेवर ठेवत म्हटलं, "म्हणजे तुझ्या आईनं तुला लाटणं दाखवून अमेरिकेचा खेळ शिकवला म्हणायचा."

पण सुरुवात काही धड झाली नाही. डाव्या हातातून सुटलेला चेंडू उलटा फिरतो. झेलणाऱ्यांना उजव्या हाताच्या चेंडूची सवय. त्यांच्या हातात तो यायचा आणि माशासारखा निसटायचा. पहिल्या हंगामात तो बहुतेक वेळ बाकावरच बसला. खारघरचा कोच म्हणाला, "उजव्यानं टाकायला शिक, नाहीतर तुझं काही खरं नाही." डावऱ्या म्हणाला, "सर, हे बोलनारी माझ्या घरान एक हाय, ती तुमच्यापेक्षा जोरान मारते. तिचा पन नाय ऐकला." मग त्यानं काय करावं? चेंडू झेलणाऱ्या पोरांना दर रविवारी गावात आणलं, मिठागराच्या बांधांवर पळायला लावलं. चेंडू सुटला तर मीठपाण्यात उतरून आणायचा. गुडघ्यापर्यंत पाणी, पायाला चिरा, त्यात मीठ. पोरं बोंबलायची. पावसाळ्यापर्यंत एकाच्याही हातून चेंडू सुटेना.

त्याचा पहिला पुरा सामना बघायला मी डब्यात थालिपीठ घेऊन गेले. खेळ सुरू झाला आणि मला वाटलं, दंगल झाली. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळताहेत, कोणी कोणाचा गळा धरलाय, पंच पिवळा रुमाल जमिनीवर फेकतोय. मग एका रेड्यासारख्या पोरानं डावऱ्याला कमरेत धरून जमिनीवर आपटलं. मला राहवेना. पर्समधली शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली. सगळा सामना थांबला. बावीस पोरं आणि पंच माझ्याकडे बघायला लागले. ढिगाऱ्याखालून डावऱ्याचा आवाज आला, "बाई, बसा! मेलो नाय अजून!" पंच मला मैदानाबाहेर काढणार होता. कोच म्हणाला, राहू दे, म्हातारी आहे. त्या शब्दाचा मला इतका राग आला की मी थालिपीठ त्याला दिलंच नाही.

पुढच्या दोन हंगामांत डावऱ्या काय खेळला ते सांगायला माझ्याकडे नीट शब्द नाहीत. मी आपली मराठीची बाई. एवढं कळलं की देशभरातल्या संघांची जी स्पर्धा व्हायची तिच्यात एका हंगामात गुण मिळवून देणाऱ्या पासांचा विक्रम त्याच्या नावावर लागला, आणि पुढच्या हंगामात तो त्यानंच मोडला. बेंगळुरूचे, पुण्याचे लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. गावात मात्र कोणाला पत्ता नव्हता. पोरगा काय करतो असं विचारलं तर आई सांगायची, "खारघरला नारल फेकतो."

गावाचा खेळ एकच, टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट. उन्हाळ्यात खाडीकाठच्या कोरड्या शेतावर गावागावांच्या स्पर्धा होतात. मांडव, लाउडस्पीकर, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, आणि गावचा संघ म्हणजे गावची अब्रू. डावऱ्या गावचा गोलंदाज होता. कॉलेजात गेल्यापासून तो टाळत आला होता. त्या वर्षी मात्र गाव अंतिम सामन्यात पोचलं आणि समोर आलं शेजारचं गाव, ज्याच्याशी यांचं आजोबांच्या काळापासून बांधावरून वाकडं.

आणि नेमका त्याच वेळी डावऱ्याचा खांदा दुखत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला पट्टा झिजलाय, महिनाभर हात वर करायचा नाही, बरा होईल. महिन्यानंतर भारताच्या संघाची निवड चाचणी होती. कोच सांगायचा, हा निवडला जाणार हे ठरल्यात जमा आहे, फक्त खांदा सांभाळ. डावऱ्या चमचासुद्धा उजव्या हातानं धरायला लागला होता.

गावकीनं निरोप धाडला: अंतिम सामन्याला उतरायचं. तो म्हणाला, जमणार नाही. दुसरा निरोप आला, जरा वेगळा. त्याच्या बहिणीचं लग्न पंधरवड्यावर होतं. निरोप असा: जो गावासाठी येत नाय त्याच्या हलदीला गाव येत नाय.

ज्यांनी आमच्याकडची हळद पाहिलेली नाही त्यांना यात काय विशेष असं वाटेल. हळदीच्या दिवशी अख्खं गाव मांडवात जेवतं आणि त्या जेवणाच्या तांदळाच्या भाकऱ्या गावातल्या बाया थापतात. दुपारपासून ओळीनं चुली पेटतात, परातीवर परात उतरते, गाणी चालतात. मजुरी देऊन बाया आणायची सोय नाही. आणल्या तर ती भाकरी कोणी खात नाही. गावातल्या बाया आल्या नाहीत तर मांडव नुसताच उभा राहतो आणि पोरीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागतं.

तेव्हा या आगाऊ बाईंनी ठरवलं की आपण मध्यस्थी करायची. कारण गावकीचा अध्यक्ष माझा विद्यार्थी. त्याला मी दोनदा बाकावर उभं केलेलं. मी ठेवणीतलं रेशमी पातळ नेसले, चष्मा पुसला आणि रिक्षा करून गावात गेले. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं. अलंकार, दृष्टान्त, सगळं. मला वाटलं होतं, मी नुसती भुवई उंचावली की काम होईल.

अध्यक्षानं वाकून पाया पडून मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे फिरवला. चहा आला, वर थंडाही आला. माझं सगळं भाषण त्यानं हात जोडून ऐकलं. मध्ये एकदा डोळेही पुसले. मग म्हणाला, "बाई, तुमी सांगितल्यावर मी नाय कसा बोलू? मी होच बोलतो."

"झालं तर मग!"

"पन गाव नाय बोलतो."

"अरे, गाव म्हणजे तूच ना?"

"असा कसा? गाव म्हणजे सगले. मी एकटा काय करनार?" आणि आतल्या दाराकडे बघून, "गो, बाईंना पापड दे." मी पापड खाऊन परत आले. इतक्या आदरानं माझा पराभव नंतर कोणी केला नाही.

डावऱ्याच्या घरी पोचले तर त्याची बहीण आईशी भांडत होती. "दादा, मी कोर्टान जाऊन सही करते. भाकऱ्या गेल्या खड्ड्यात. तू तुझी परीक्षा दे."

"परीक्षा नाय गो, चाचनी."

"तीच ती. आये, तू सांग ना त्याला!"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मग एकदम म्हणाली, "मी रांडमुंड बाई. बाजार करून आल्यावर सगल्यांच्या मांडवान जाऊन थापल्या. एक घर सोडला नाय. बोटाचा चटका इला दाखवला नाय, तुला दाखवला नाय. का? तर माझ्या पोरीच्या टायमाला येतील. आता मी कुनाच्या तोंडाकडं बघू?" आणि मग डावऱ्याकडे वळून, अगदी हळू, "तू नको खेलू. मी नाय बोलत तुला खेल म्हनून." आईनं असं म्हटल्यावर खेळण्यावाचून त्याला दुसरा मार्ग उरला नाही. बहिणीला ते कळलं. ती उठून मागच्या दारी गेली.

सामना रविवारी दुपारी झाला. मी मांडवात पहिल्या रांगेत, अध्यक्षानं आग्रह करून बसवलेली. डावऱ्यानं त्याच्या वाट्याचं षटक टाकलं. प्रत्येक चेंडूनंतर तो हात मांडीवर दाबून धरत होता. समालोचक ओरडत होता, "काय तो हात, काय तो हात!" मग डावऱ्या सीमारेषेवर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, सुटला. शेवटच्या चेंडूवर समोरच्यांना नुसत्या बरोबरीला दोन धावा हव्या होत्या. फटका त्याच्याच अंगाला आला. तो तसाच बाजूला झाला असता, नुसता झुकून चेंडू घरंगळत दिला असता, तर कोणी काही म्हटलं नसतं. खांदा दुखतोय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण चेंडू त्याच्या हातात आला होता आणि हातात आलेली वस्तू त्याला एकाच तऱ्हेनं देता यायची. सरळ रेषेत गेला चेंडू. दुसरी धाव पुरी व्हायच्या आत यष्टी उडाली. गाव जिंकलं.

डावऱ्या गुडघ्यावर बसला होता, डावा हात दोरीसारखा लोंबत होता. गाव धावलं. त्याला उचललं, हात धरून वर केले, खांद्यावर नाचवलं. तो ओरडत होता. सगळेच ओरडत होते, त्यात त्याचं ओरडणं कोणाला वेगळं ऐकू आलं नाही. मी शिट्टी फुंकली. डीजेपुढे ती मला स्वतःलाही ऐकू आली नाही.

हळद जोरात झाली. गावातली एकही बाई घरी राहिली नाही. भाकऱ्यांच्या चळती मांडवाच्या कनातीला टेकल्या. डावऱ्याची आई पाटावर बसून होती, तिला त्या दिवशी कोणी पिठाला हात लावू दिला नाही. ती सगळ्यांकडे बघून हसत होती आणि डावऱ्या बसला होता त्या कोपऱ्याकडे मात्र बघत नव्हती. त्याचा हात गळ्यात बांधलेला, आणि बांधलेल्या कापडावर कोणीतरी गमतीनं हळद माखलेली. बहिणीनं नवरीच्या जागेवरून उठून येऊन त्याला घास भरवला. बायांना ते फार आवडलं. त्या लगेच त्यावर गाणं रचून गायल्या.

चाचणीला तो गेला. हात गळ्यात तसाच. कोचनं मला नंतर सांगितलं, दिवसभर मैदानाबाहेर बसून होता. जो पोरगा निवडला गेला त्याला संध्याकाळी जवळ बोलावून पाय कसे ठेवायचे ते समजावून गेला. शस्त्रक्रिया झाली. हात जेवणाच्या ताटापासून तोंडापर्यंत व्यवस्थित येतो. त्याहून वर मात्र जात नाही.

मग काही वर्षं तो कंटेनरच्या एका यार्डात कामाला होता. माझ्याकडे यायचा, बसायचा. मी खेळाचा विषय काढला की म्हणायचा, "बाई, तुमच्या गुडघ्याचा काय झाला?" मी सुज्ञ, पोक्त, अनुभवी बाई! त्याला सांगायची, "अरे, गावाचं प्रेम आहे तुझ्यावर." मला कसं काय वाटलं की हे ऐकून त्याला बरं वाटेल, देवच जाणे. तो एकदा म्हणाला, "हाय ना. प्रेम हायच. तेच तर." आणि चहा संपवून उठला.

गेल्या वर्षी गावानं त्याचा सत्कार केला. कोणाच्या तरी पोरानं मोबाइलवर त्याचा विक्रम शोधून काढला होता. इतक्या वर्षांत तो कोणी मोडलेला नव्हता. गावाला एकदम कळलं की आपल्याकडे काय होतं. स्पर्धेच्या मैदानावर त्याचा भिंतीएवढा फलक लागला, 'आपल्या मातीचा हिरा'. फोटो त्या सामन्याचाच, लोकांच्या खांद्यावर, तोंड उघडं. अध्यक्ष आता जाडजूड झालेला, माइक धरून म्हणाला, "या मैदानानं हा खेलाडू घडवला!" टाळ्या. मग शाल, श्रीफळ, आणि आग्रह: स्पर्धेचा पहिला चेंडू तूच टाक. डावऱ्यानं चेंडू घेतला. लहान पोराला टाकावा तसा खालून, जमिनीलगत सोडला. चेंडू अर्ध्यातच थांबला. लोकांना वाटलं, थट्टा करतोय. सगळं मैदान हसलं. अध्यक्षही हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मी पहिल्या रांगेत होते. सवयीनं टाळ्या वाजवायला हात वर गेलेले, तसेच मांडीवर ठेवले.

त्यानंतर दोन महिन्यांत तो आखातात गेला, एका बंदरावर नोकरी धरून. मला सांगायला आला तेव्हा मी म्हटलं, इथे बंदर काय कमी आहे? म्हणाला, "बंदर हाय, बाई."

परवा त्याचा फोन आला. तिकडे उकडतं म्हणाला, खोलीत आठ जण आहेत म्हणाला, डाळ पातळ असते म्हणाला. मी विचारलं, "मग करमतं का रे?"

"लय बरा वाटतं, बाई."

"काय बरं वाटतं एवढं?"

"हितं मना कोनी वलखत नाय."

बाजारात गेले की त्याची आई कोलंबी साफ करता करता मान वर न करता विचारते, "बाई, तुमाला फोन करतो ना तो? गावाची आठवन काढतो का?"

मी पिशवी पुढे करते आणि सांगते, "काढतो गं. फोनवर दुसरं काही बोलतच नाही."